अब्दाली आला की आले?

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी. मी त्यात शिरलो निवृत्तीनंतर, दुपारची झोप येईनाशी झाली तेव्हा. तिथली भाषा पाहून जीव रमला. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा म्हणजे चावडी, हात बसवायचं पान म्हणजे धूळपाटी, मत घ्यायचं तर कौल लावायचा. गावी आल्यासारखं वाटलं. गावी आलं की भांडण ठरलेलंच, हे मात्र विसरलो होतो.

भांडण पानिपतावरून झालं, पण लढाईवरून नव्हे. १४ जानेवारी १७६१ ही तारीख दोघांनाही मान्य होती. विश्वासराव पडले, भाऊसाहेब पडले, तेही मान्य. मतभेद एका कान्यामात्रेचा होता. मी लिहिलं होतं, 'अब्दाली आला'. कुणीतरी काना काढून मात्रा दिली आणि 'अब्दाली आले' केलं. कारण दिलं होतं, 'तटस्थता'.

मी पुन्हा 'आला' केलं, समोरून पुन्हा 'आले' झालं. असं तीनदा. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर कारवाई होऊ शकते, असं ऐकून होतो. इथे कुणी मोजत बसलं असेल या धास्तीने थांबलो आणि चर्चापानावर गेलो.

तटस्थतेचा नियम तसा सरळ आहे. ज्ञानकोशाने स्वतःचं मत सांगायचं नाही. जाणत्या ग्रंथांत जे आहे ते, जितकं आहे तितकं द्यायचं आणि वादाचं असेल तर कोण म्हणतं ते सांगायचं. विशेषणांपुरतं हे जमतं. 'क्रूरकर्मा', 'महापराक्रमी' वगैरे मी भाजी निवडावी तसं आधीच निवडून टाकलं होतं. पण क्रियापद कुठे टाकणार? इंग्रजीत पेशवा आला काय आणि पखालजी आला काय, क्रियापदाला पत्ताच लागत नाही. मराठीत वाक्य संपायच्या आत लेखक कुणाच्या छावणीत जेवतो ते कळतं. आपले धारातीर्थी पडतात, कामी येतात. त्यांचे मारले जातात. माझी आजी तर अब्दालीचं नाव 'मेला' लावल्याशिवाय घेत नसे. अर्थात दूध सांडलं की मलाही ती तेच म्हणायची, त्यामुळे लहानपणी अब्दाली मला घरातलाच कुणी वाटे.

चर्चापानावरचं भांडण मराठी भांडणाच्या रीतीने वाढलं, म्हणजे राग चढेल तसा आदर चढला. 'तुम्ही'वरून आम्ही 'आपण'वर आलो. मग 'आपणांस विदित असेलच'. मग 'आपल्यासारख्या व्यासंगी व्यक्तीने'. इतका मान मला नोकरीच्या पस्तीस वर्षांत मिळाला नव्हता. समोरच्या व्यक्तीची एक गंमत होती. 'मी बदललं', 'बदल केला आहे', 'संदर्भ जोडला आहे' अशी घोटीव वाक्यं. लिहिणारा बाप्या की बाई, याचा माग लागू देणारं एकही क्रियापद नाही. मी मनात 'ते गृहस्थ' धरून चाललो होतो.

गृहस्थांनी विचारलं, अफगाणिस्तानात अब्दालीला आदराने 'अहमदशाह बाबा' म्हणतात. तिकडच्या ज्ञानकोशात आपल्या भाऊसाहेबांना एकेरीत घातलं तर आपणांस चालेल का? मी बखर काढली. तर म्हणे, 'भाऊसाहेबांची बखर' या नावातच 'साहेब' आहेत, त्यांना तटस्थ कसं म्हणायचं? मग त्यांनी काशिराज पंडित काढला. हा दक्षिणी ब्राह्मण, पण सुजाउद्दौल्याच्या, म्हणजे अब्दालीच्या गोटातल्या नबाबाच्या चाकरीत. हकिकत लिहिली फारसीत. आता हा आपला की त्यांचा, आणि त्याला 'तो' म्हणायचं की 'ते', यावर आणखी दोन दिवस गेले.

मग तडजोडीचे प्रयोग झाले. आधी सगळ्यांनाच एकेरी. 'भाऊ घोड्यावर बसला' हे वाक्य मी लिहिलं आणि वाचून स्वतःच खोडलं; शेजारचा भाऊ दूध आणायला निघाल्यासारखं वाटत होतं. मग क्रियापदंच काढून नामं घालायची युक्ती केली. 'अब्दालीकडून यमुना ओलांडण्यात आली.' 'मराठ्यांची रसद तोडण्याची कार्यवाही करण्यात आली.' तटस्थता शंभर टक्के, पण पानिपतचं परिपत्रक झालं. खाली फक्त 'आपला विश्वासू' लिहायचं राहिलं होतं. शेवटी सगळ्यांनाच आदरार्थी. 'ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आले.' वाचलं आणि डोळ्यांपुढे दिवाळसणाला आलेला जावईच उभा राहिला. पायांवर पाणी घालायला कुणीतरी पुढे व्हावं इतकं ते वाक्य अगत्याचं होतं. मी हात वर केले. म्हटलं, आपली हरकत नसेल तर जनरीत म्हणून 'आला' राहू द्यावं. शत्रूला एकेरी आणि आपल्या बाजूच्यांना आदरार्थी ही मराठीची जुनी चाल आहे, त्यात द्वेष नाही.

उत्तर एका ओळीत आलं. 'आणि इब्राहिमखान?'

मी लेख पुन्हा वर सरकवला. इब्राहिमखान गारदी. भाऊसाहेबांचा तोफखाना आणि कवायती पलटण सांभाळणारा, पलीकडच्यांनी धर्माची हाक दिली तरी न हललेला, शेवटी जखमी होऊन हाती लागलेला आणि ठार मारला गेलेला. आणि मी लिहिलं होतं, 'इब्राहिमखान लढला. पकडला गेला. मारला गेला.' त्याच परिच्छेदात 'जनकोजी शिंदे पकडले गेले.' दोघेही एकाच बाजूचे, दोघेही जखमी, दोघेही शत्रूच्या हाती मेले. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान सबब तरी सांगता आली असती.

पुढची ओळ जरा वेळाने आली. 'हा धडा मी दरवर्षी शिकवते. मुलं वाचताना हेच म्हणतात, आणि मीही तीन-चार वर्षं म्हणत होते.'

शिकवते. महिनाभर सांभाळलेलं क्रियापद शेवटी निसटलं होतं. मी 'अहो बाई' असं काहीतरी लिहायला घेतलं आणि खोडलं. मग लेखात जाऊन 'लढला'चं 'लढले' केलं, 'पकडला गेला'चं 'पकडले गेले'. याला चावडीवर जावं लागलं नाही की कौल लावावा लागला नाही. आणि इतकं केल्यावर एकट्या अब्दालीसाठी अडून बसायला तोंड उरलं नाही, म्हणून तोही 'आले' झाला. झाले. बघा, अजून जिभेला वळण नाही.

परवा सकाळी पाहिलं तर कुणीतरी सदस्यनाव न घेता येऊन 'आले'चं पुन्हा 'आला' करून गेलं होतं. 'उलटवा'वर बोट नेलं. मग म्हटलं, आधी चहा घेऊ. चहा झाला, पेपर झाला, पेपरातलं कोडंही झालं. परत येऊन पाहतो तो 'आले' जागच्या जागी. बाईंनी उलटवलं होतं, आणि बदलाच्या कारणात लिहिलं होतं, 'आपण पाहिलं असेलच.'