सावधान पुढच्या फाइलमध्ये

भाचीच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, म्हणून तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लावायला मंगलाष्टकांचा तुकडा हवा होता. डीव्हीडी माझ्याकडे. लॅपटॉपला आता चकतीचं तोंडच नसतं, तेव्हा ड्राइव्ह शेजाऱ्यांकडून मागून आणला. मोठ्या फायली कॉपी व्हायला वेळ लागत होता; मी हुशारी केली आणि छोट्या छोट्या तेवढ्या उचलल्या. सनई-चौघडे, पाचशे पानं आणि रुसलेले व्याही, सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पेनड्राइव्हवर!

"मामा, यात काहीच नाही हो."

असणार कसं? मी आणलं होतं ते दप्तर. डीव्हीडीत चित्र, आवाज, सबटायटल हे सगळं एकत्र वळून ठेवलेलं असतं ते व्हीओबी फायलीत. आयएफओ फाइल म्हणजे तलाठी: कुठला प्रसंग कुठे सुरू होतो, भाषा किती, मेनूनंतर काय, याची नुसती नोंद. स्वतःकडे एकही चित्र नाही, पण प्लेअर पहिला नमस्कार करणार तो तिलाच. एखादं बटण चालूच द्यायचं नाही, हा हुकूमही याच दप्तरात लिहिता येतो. पायरसी करू नका ही तंबी विकत घेतलेल्या चकतीवर पुढे ढकलता येत नाही, ती त्यामुळेच. चोरून आणलेल्याला ती बहुधा दिसतच नाही.

तिसरी बीयूपी. ही आयएफओची कार्बन कॉपी, अक्षरन् अक्षर तीच. व्हीओबींच्या पलीकडे, मूळ नोंदीपासून लांब ठेवतात, म्हणजे एका ओरखड्यात दोघी जायला नकोत. आयएफओ खराब निघाली, तर बीयूपीचं शेपूट बदलून आयएफओ करा, बहुतेकदा काम चालतं. मला कौतुक वाटलं आणि लगेच राग आला. नोंदीची दुसरी प्रत आहे, लग्नाची नाही! ओरखडा कन्यादानावर गेला तर कन्यादान गेलं. ते अमुक मिनिटाला होतं, याचा पुरावा मात्र दोन प्रतींत सुखरूप. (४.७ जीबीत लग्न दोनदा मावणार नाही, हे मला कळतं. तरीही.)

शेजारी ऑडिओ_टीएस नावाचा फोल्डर होता. आवाज यात असेल म्हणून आशेने उघडला, तर ठणठणीत रिकामा. तो डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्या प्रकारासाठी राखलेला. तो प्रकार फारसा चाललाच नाही. पद मंजूर, खुर्ची मांडलेली, माणूस नाही.

मग मुकाट्याने व्हीओबी कॉपी केल्या. शून्य क्रमांकाच्या व्हीओबीत नुसता मेनू: गुलाबी बदाम आणि त्यात गरगर फिरणारे नवरा-नवरी. खरं लग्न १ पासून पुढे. एका व्हीओबीला जागा जेमतेम १ जीबी, म्हणजे या लग्नाची वीस-पंचवीस मिनिटं. ती भरली की कात्री. विधी कुठला चालू आहे, भटजी काय म्हणताहेत, ती बघत नाही. प्लेअरमध्ये आयएफओबाई हे तुकडे बेमालूम जोडतात, म्हणून चकती लावून बघताना कळत नाही. सुटी फाइल उघडली की कळतं.

मी पहिली फाइल लावली. अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, नवरीमागे मामा म्हणून मी ताठ उभा, भटजींनी शेवटचा सूर चढवला, "शुभमंगल साव—" आणि पडदा काळा. दुसरी फाइल उघडली. "—धान!" पाठोपाठ माझी जांभई, अगदी जवळून.

दोन्ही तुकडे भाचीला पाठवले. तिने स्टेटसला दुसरा लावला.