मॉर्फिनचं कपाट दाखवा

ज्याची सेवा झाली त्याला मागाहून मत विचारता येत नाही, असे धंदे फार नाहीत. हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा, हा त्यातला एक. मग तिथले पाच तारे देतं कोण? तारे देतो मुलगा, जावई, क्वचित सून. मजकूर ठरलेला : परिसर शांत, स्टाफ नम्र, पार्किंगची उत्तम सोय. वडील तिथे कसे होते याबद्दल एकच वाक्य असतं, 'शेवटपर्यंत काही त्रास झाला नाही.' कुणाला, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

जागा बघायला जाणारं शिष्टमंडळही ठरलेलं. थोरले चिरंजीव, एक जावई, 'माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत' म्हणणारा चुलतभाऊ आणि फोनच्या पडद्यावर न्यू जर्सीहून धाकटे. मंडळी फरशी बघतात. एसी बघतात. गणपतीची मूर्ती बघून हात जोडतात. जेवणात रविवारी गोड असतं का ते विचारतात. आणि ज्यांच्यासाठी विचारतात त्यांच्या नाकात नळी असते. धाकटे पडद्यावरून म्हणतात, 'रेटिंग काय आहे? आमच्याकडे सगळं रेटेड असतं.'

असतं खरं. अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना हॉस्पिसचा खर्च उचलते. सहा महिन्यांहून जास्त आयुष्य दिसत नाही असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की झालं. मृत्यूनंतर काही आठवड्यांनी घरच्यांना प्रश्नावली जाते, तिच्यावरून तारे पडतात, ते सरकारी संकेतस्थळावर लागतात. आणि त्याच देशात, त्याच मेडिकेअरच्या पैशावर, लॉस एंजलिस परगण्यात हॉस्पिस कंपन्यांचं इतकं पीक आलं की कॅलिफोर्निया राज्याला १ जानेवारी २०२२ पासून नवे परवाने थांबवावे लागले. राज्याच्या लेखापरीक्षकांनी त्याच वर्षी त्यावर अहवाल काढला. कारण साधं आहे. पैसे दिवसाच्या हिशेबानं मिळतात. म्हणजे सगळ्यात चांगला पेशंट कोण, तर जो मरणार नाही तो. अशांना धरून धरून भरती करण्याचे प्रकार झाले. तेव्हा धाकट्यांनी ताऱ्यांचं फार मनावर घेऊ नये.

आपल्याकडे तारे नाहीत, पण क्रमांक आहे. 'इकॉनॉमिस्ट'च्या संशोधन विभागानं २०१० साली कुठल्या देशात माणूस कसा मरतो याची यादी केली. चाळीस देश होते, आपण चाळिसावे. २०१५ मध्ये ऐंशी देश घेतले, आपण सदुसष्टावे. म्हणजे प्रगती आहे. मागे तेरा देश मिळाले. दोन्ही वेळा पहिला आला तो ब्रिटन. तिथे सिसिली साँडर्स या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं आणि आजच्या हॉस्पिसची घडी बसवली. बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि पस्तिशी उलटल्यावर डॉक्टर झाल्या. म्हणजे खाटेच्या तिन्ही बाजूंना उभ्या राहून आल्या होत्या. दुखणं फक्त शरीराचं नसतं, पैशाचं, घरच्यांचं, देवाशी झालेल्या भांडणाचंही असतं, हे त्यांनी सांगितलं. पण त्याआधी दुखण्याचं औषध वेळच्या वेळी दिलं. हा क्रम आपले पुष्कळ लोक उलटा करतात. आधी सत्संग, मग गोळी.

बरं, आपल्याकडे चांगलं काही नाही असंही नाही. वांद्र्याला शांती अवेदना १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालतं. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत आणि नेमकं तिथेच शिष्टमंडळाचं घोडं पेंड खातं. 'फुकट आहे म्हणजे...' असं म्हणून चुलतभाऊ वाक्य अर्धवट सोडतो आणि सगळे समजल्यासारखी मान हलवतात. महिन्याला भरभक्कम रक्कम मोजली की वडिलांसाठी केलं असं वाटतं. फुकट ठिकाणी ठेवलं तर टाकलं असं वाटतं. म्हणजे दर्जा तपासायला निघालेली मंडळी बऱ्याचदा स्वतःचाच अपराधीपणा खाली बसेल अशी खुर्ची शोधत असतात.

आणि अशी खुर्ची पुरवणारे पुष्कळ आहेत. उपनगरातल्या बंगल्यावर, कधी नुसत्या दोन फ्लॅटांवर, पाटी लागते : वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, कोमातले व शेवटच्या टप्प्यातले रुग्ण यांची घरच्यासारखी काळजी घेतली जाईल. घरच्यासारखी हे खरंच असतं. घरीही डॉक्टर नसतो, इथेही नसतो.

तर शिष्टमंडळानं फरशी सोडून काय बघावं? कपाट बघावं. कुलुपाचं. 'तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडे आत्ता आहेत का?' एवढंच विचारावं. आहेत म्हणाले तर नोंदवही मागावी, कारण इथे गोळीगोळीचा हिशेब ठेवावा लागतो. मालकाचा चेहरा बदलला, 'आम्ही पेनकिलर देतो ना' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठावं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या कळा पॅरासिटामॉलनं आणि फिजिओथेरपीनं जात नाहीत. संगीतोपचारानंही नाही, गाणारा कितीही मोठा असला तरी.

हे कपाट रिकामं का असतं याची गोष्ट मजेदार आहे, म्हणजे ज्याला दुखत नाही त्याच्यासाठी. जगाच्या औषधांसाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं खसखशीची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. आणि १९८५ साली आपण अमली पदार्थांविरुद्ध असा कडक कायदा केला की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त खाली आला. एका डब्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, तेही सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत नव्यानं सुरू होईपर्यंत दुसऱ्याची संपलेली. नशा करणाऱ्यांचं त्यानं काय बिघडलं कोण जाणे. रुग्णालयांनी मात्र मॉर्फिन ठेवणंच सोडलं. डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्या ते औषध हातात न धरता पदवीधर झाल्या.

२०१४ मध्ये कायदा बदलला. आता मॉर्फिनसारखी काही औषधं 'अत्यावश्यक' गटात आहेत आणि संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरते. म्हणून दुसरा प्रश्न : 'तुम्ही आर.एम.आय. आहात का?' म्हणजे मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था. ज्यांना ही तीन अक्षरं ऐकून माहीत नाहीत त्यांनी 'शेवटच्या टप्प्यातले' हे शब्द पाटीवरून काढावेत. शिष्टमंडळातला जावई इथे हमखास विचारतो, 'पण त्याची सवय नाही का लागणार?' सासऱ्यांना महिनाभराचं आयुष्य सांगितलंय. पुढच्या वर्षी ते व्यसनमुक्ती केंद्रात जातील अशी भीती असेल तर ती आशादायक आहे.

गोळी आहे एवढ्यानं भागत नाही. कशी देता? 'दुखलं की सांगा, देतो' हे उत्तर नापास. गोळी घड्याळाच्या काट्यावर, दुखायच्या आधी द्यायची असते. मधेच कळ उठली तर वरचा डोस वेगळा लिहून ठेवलेला असतो. आणि त्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मॉर्फिननं मळाचे खडे होतात. ज्या ठिकाणी गोळी देतात पण रोज सकाळी 'झाली का?' विचारत नाहीत, त्यांना ते औषध कळलेलं नाही. केरळात शेजारपाजारचे स्वयंसेवक हे शिकले. १९९३ मध्ये कोळिकोडला सुरुवात झाली, २००८ मध्ये राज्यानं धोरण केलं, आज तिथल्या गल्लीतली बाई पेशंटच्या पोटाची चौकशी आपल्याकडच्या काही कन्सल्टंटपेक्षा मोकळेपणानं करते.

कपाटानंतर नाक. आत शिरल्यावर रूम फ्रेशनरचा किंवा अगरबत्तीचा भपकारा आला तर कशावर तरी पांघरूण घातलंय असं समजावं. फुटलेल्या गाठींना वास येतो. इतका, की पेशंट स्वतःच नातवंडांना जवळ येऊ देत नाही. त्यावर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर टाकतात. जुलाबावरची तीच, स्वस्तातली. वास पुष्कळ कमी होतो आणि नातू खाटेवर बसू शकतो. हे माहीत असलेली जागा कुठल्याही बागेपेक्षा मोलाची.

मॅनेजरशी बोलून झालं की मावशींशी बोलावं. मॅनेजर 'चोवीस तास निगराणी' म्हणतो, मावशी आकडा सांगते : रात्री अकरा पेशंट, दोघीजणी. दर दोन तासांनी कूस बदलायची तर गणित तिथेच सुटतं. मग पेशंटांकडे बघावं. चादरीकडे नको, चादर पाहुणे येणार म्हणून सकाळीच बदललेली असते. ओठ बघावेत, जीभ बघावी, नखं बघावीत. पाहुणे येणार म्हणून तोंड तासाभरात साफ होत नाही. हल्ल्यानंतर निश्चेष्ट झालेल्या परिचारिका अरुणा शानबाग मुंबईच्या केईएममध्ये बेचाळीस वर्षं अंथरुणावर होत्या. महापालिकेचं रुग्णालय, खाटांना पोपडे, फरशीचं तर बोलूच नका. आणि तोवरच्या इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नाही याची नोंद सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात केली. तिथल्या परिचारिकांना तारे कुणी दिले नव्हते. शानबागांच्या इच्छामरणाच्या त्या केसबद्दल दोन मतं असू शकतात, पाठीबद्दल नाहीत.

रात्रीचं विचारायचं राहिलं. दीड वाजता दम लागला तर तुम्ही काय करता? 'ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलावून आयसीयूत हलवतो', हे उत्तर अभिमानानं दिलं जातं. म्हणजे ज्या गोष्टीपासून सुटका म्हणून इथे आणलं, तिथेच शेवटच्या रात्री पोचवण्याची ही सोय. पेशंट घरी असेल आणि सेवा घरपोच असेल तर आणखी एक : रात्री गेले तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, तो ४ अ नमुन्यातला, तुमचा डॉक्टर येऊन देईल का? हे विचारायला जीभ रेटत नाही. मग पहाटे गल्लीतल्या डॉक्टरांची दारं वाजवत फिरावं लागतं, आणि ते म्हणतात, 'मी त्यांना कधी तपासलंच नव्हतं.' त्यांचंही बरोबर असतं.

कागदांवरून आठवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दंडाधिकाऱ्याकडे जायला नको, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. मला व्हेंटिलेटर नको असं आजोबांनी लिहून ठेवलं असेल तर तो कागद तुमच्याकडे कुठल्या फायलीत राहील, हे विचारून बघा. पुष्कळ ठिकाणी तो आधार कार्डाच्या झेरॉक्समागे राहतो.

या सगळ्या पाहणीत एक माणूस नसतो. पेशंट. 'त्यांना काही सांगू नका हं, खचतील', हे शिष्टमंडळाचं पहिलं वाक्य असतं. त्यावर 'बरं' म्हणणारी जागा सोयीची, आणि 'त्यांना काय माहीत आहे ते आधी आम्ही त्यांनाच विचारू' म्हणणारी जागा चांगली. आजोबांना बहुतेक सगळं माहीत असतं. मुलं खचतील म्हणून तेही गप्प असतात.

शेवटी सगळे मॅनेजरच्या टेबलाशी येतात. महिन्याचा ॲडव्हान्स, डिपॉझिट वेगळं, डायपर-अंडरपॅड-हातमोजे ज्याचे त्याने आणायचे. थोरले सही करायला पेन काढतात. तेवढ्यात जावई पावती उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचतो आणि विचारतो, 'समजा सासरे चार दिवसांतच गेले, तर उरलेले पैसे परत मिळतात का?'

थोरले त्याच्याकडे असं बघतात की जणू त्यानंच मारलं. चुलतभाऊ खाकरतो. पडद्यावरचे धाकटे आवाज येत नसल्याचं सांगतात. मॅनेजर गणपतीकडे बघून म्हणतो, 'असं अशुभ बोलू नये, साहेब,' आणि पावतीवर शिक्का मारतो : रक्कम परत मिळणार नाही.