कट्ट्यावरच्या जाणकारांस, एका गोलाने हरलेल्यांकडून

श्री. रा. रा. कट्ट्यावरील समस्त फुटबॉलतज्ज्ञ मंडळी,
मुक्काम चहाच्या गाड्यासमोर, कुरुंदवाड, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर यांसी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी आमचा संघ नदीपलीकडच्या गावाकडून 2-1 असा हरला. हे आपणांस ठाऊक आहेच. आम्ही घरी पोचून बुटांच्या नाड्या सोडायच्या आत आपणांस ठाऊक झाले होते, आणि हरण्याची कारणेही आमच्याआधी आपल्याकडे जमा झाली होती. मॅच बघायला आपल्यापैकी एकही जण आला नव्हता, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. उलट बरेच झाले. डोळ्यांनी बघितले असते तर आपली मते इतकी ठाम राहिली नसती.

गेल्या वर्षी याच संघाकडून आम्ही सहा गोल खाल्ले होते. त्या दिवशी कट्ट्यावरून जाताना आपल्यापैकी एकाने फक्त "चहा घेतोस?" एवढेच विचारले, आणि पैसेही त्यानेच दिले. सहा गोलांनी हरणे म्हणजे मयताचे घर. तिथे कुणी सल्ला देत नाही, येऊन गप्प बसतात. एका गोलाने हरणे म्हणजे रस्त्याकडेची मोकळी जागा, येईल तो आपली टपरी टाकतो. सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत मला पराभवाची अकरा वेगवेगळी कारणे ऐकवली गेली. म्हणजे आमच्या प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एक. वर्गणीच्या वहीत मागच्या पानावर मी ती उतरवून घेतली आहेत. त्यांतल्या काहींना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

पहिला सल्ला मिशांना पीळ देत आला. "आरं, संताजी घोरपड्यांची समाधी आपल्या गावात, आन् तुमी सरळ समोरनं निघालाय व्हय? हूल द्याची, आत वडायचं, मग हाणायचं!" काका, आम्ही अगदी तेच केले. दुसऱ्या हाफमध्ये मागे सरकलो, गनिमाला आत ओढले. आत ओढेपर्यंत बेत तंतोतंत जमला. हाणण्याचे काम मात्र त्यांनी केले.

दुसरे निदान असे की आमच्या बॅक आणि फॉरवर्ड लोकांत मेळ नाही. मान्य. पण यात आमचा दोष कमी आणि गावचा इतिहास जास्त आहे. पटवर्धनांच्या या संस्थानाच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. एवढ्याशा मुलखात दोन राज्ये, दोन कारभार. 1948 मध्ये दोन्ही पात्या मुंबई प्रांतात विलीन झाल्या. आमचे बॅक आणि फॉरवर्ड अजून विलीन व्हायचे आहेत. बोलणी सुरू आहेत.

तिसरा टोमणा मात्र खोल लागला, कारण तो खरा आहे. "ह्या गावच्या पोरांनी ग्लासगोला वजनं उचलली आणि तुम्हाला साडेचारशे ग्रॅमचा बॉल रेषेपलीकडं ढकलता येईना!" खरोखर, 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या आपल्या कुरुंदवाडच्या तिघांनी वेटलिफ्टिंगमध्ये तीन ब्राँझ पदके आणली. गट 56, 69 आणि 94 किलोचे. वीसेक हजार वस्तीच्या गावात एकाच स्पर्धेतून तीन पदके यावीत, हे देशात किती ठिकाणी घडले असेल? तेव्हा मान खाली घालून एवढेच सांगतो की वेटलिफ्टरला प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि त्यांतली सगळ्यांत चांगली धरतात. आमचीही सगळ्यांत चांगली दहा मिनिटे धरली तर आम्ही 1-0 ने जिंकलो आहोत. तिथे तीन पंच असतात, त्यांतल्या दोघांनी पांढरा दिवा लावला की काम झाले. आणि मुख्य म्हणजे, तो बार जमिनीवर निमूट पडून असतो. उचलायला वाकलेल्या माणसाच्या पायातून तो काढून घेऊन कुणी पळत सुटत नाही.

आता दांडीविषयी. पासष्टाव्या मिनिटाला आमच्या सेंटरचा फटका गोलच्या आडव्या दांडीला लागून मागे आला. "चार बोटं खाली मारला असता तर?" असे आपण विचारलेत. नियमाप्रमाणे ही दांडी जमिनीपासून 2.44 मीटर उंच हवी. आमच्या मैदानाचा नदीकडचा गोल तेवढा उंच होता, पण 2019 साली कृष्णा-पंचगंगेचे पाणी मैदानावर आले, 2021 साली पुन्हा आले, आणि दोन्ही वेळा जाताना गाळ ठेवून गेले. वांग्याच्या मळ्याला तो गाळ मानवतो. गोलला मानवत नाही. त्या बाजूचा गोल आता वीतभर बुटका आहे. म्हणजे आमचा गोल नदीने अडवला, असे मी आपणांस छातीठोक सांगणार होतो. पण पहिल्या हाफमध्ये त्याच गोलवर त्यांचाही एक फटका त्याच दांडीला लागून मागे आला होता, आणि तेव्हा आमच्या गोलकीपरने दांडीचा मुका घेतला होता. तेव्हा नदीचे आणि आमचे खाते चुकते. हे कारण मी वहीतून खोडले आहे.

"दहा जणांत कसली मॅच खेळता?" हा प्रश्न रास्त आहे. आमचा राइट विंगर हाफटाइमला निघून गेला. कारण सांगतो. त्याच्या आडसाली उसाला तोड आली. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो: दीड वर्ष उभा असलेला ऊस वाळत, तुरा काढत टोळीची वाट बघतो, आणि टोळी येते ती आपल्या सवडीने. मग सव्वानऊला फडातून फोन आला की माणूस तोंडातले संत्रे थुंकून मोटारसायकलला किक मारतो. जगात कुठल्याही लीगमध्ये या कारणासाठी बदली खेळाडूची तरतूद नाही. आमच्याकडे बदली खेळाडूच नव्हता, त्यामुळे तरतुदीचा प्रश्न आला नाही. शिवाय सेंटर बॅक इचलकरंजीत मागावर रातपाळी करून थेट मैदानावर आलेला, आणि गोलकीपर डेअरीला दूध घालून. पहिला गोल झाला तेव्हा गोलकीपर जांभई देत होता, असे आपल्यातल्या एकाने सांगितल्याचे कळते. साफ खोटे आहे. जांभई सेंटर बॅकने दिली. गोलकीपर ती बघत होता.

ऑफसाइडबद्दल मी बोलणार नाही. त्यांचा विजयी गोल ऑफसाइड होता असे आपल्यातल्या चौघांचे मत आहे आणि नव्हता असे पाच जणांचे, आणि हे नऊही जण त्या वेळी दाढी करत होते किंवा झोपले होते. ज्या गावात पाच मशिदींत गणपती बसतो आणि त्यावर कुणाची हरकत नसते, त्या गावात ऑफसाइडवर एकमत होऊ नये, याचे मला मनापासून नवल वाटते. पंच तिसऱ्या गावचे होते आणि चेंडूच्या मागे आमच्यापेक्षा जास्त पळत होते. त्यांना या पत्रातून वगळावे.

उरली पेनल्टी.

सामना 1-1 असताना, संपायला सात मिनिटे राहिली असताना आम्हाला पेनल्टी मिळाली आणि ती उजव्या बॅकने घेतली. "उजव्या बॅकला कुणी दिली?" हा प्रश्न मला पाच दिवसांत सतरा वेळा विचारला गेला, दोनदा घरातून. नेहमी पेनल्टी मारणारा इसम त्या घडीला उसाच्या फडात होता. उरलेल्यांत प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघितले, आणि सदरहू उजवा बॅक बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता, म्हणून त्याला कुणाकडे बघता आले नाही. चेंडू त्याच्या हातात आला. अकरा मीटरवर चेंडू, समोर 7.32 मीटर रुंद गोल, त्यात एक माणूस. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांची ईर्षा बघून आलेले आपण म्हणता की तिथली शेंबडी पोरंही ही पेनल्टी घालतील. घालतील. पण तिथे गोलच्या मागे माणसांनी भरलेली गॅलरी असते. इथे गोलच्या मागे एक म्हैस उभी होती आणि ती उजव्या बॅककडे एकटक बघत होती. चेंडू तिच्या बाजूने गेला. तिला लागला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

सदरहू उजव्या बॅकने त्या रात्री जेवताना बराच विचार केला आणि त्याला 1948 आठवले. स्वतंत्र भारताचा पहिला ऑलिंपिक फुटबॉल सामना, लंडनजवळ, फ्रान्सविरुद्ध. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. त्या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. शेवटच्या क्षणी फ्रान्सने गोल केला. निकाल 2-1. त्या दिवसाबद्दल आजही लोक अनवाणी पायांचे कौतुक करतात, पेनल्टीचे नाव काढत नाहीत. आणि 2017 मध्ये, 17 वर्षांखालील विश्वचषकात दिल्लीला, कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने 82 व्या मिनिटाला बरोबरी साधली. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. देश नाचत असतानाच 83 व्या मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. पुन्हा 2-1. आमचा निकाल या दोहोंच्या पंक्तीत बसतो, असे त्या उजव्या बॅकने पानावर मांडले. बायकोने पोळी वाढता वाढता विचारले, "त्या फ्रान्सच्या गोलमागं म्हस हुती काय?" त्यावर चर्चा थांबली.

आमच्यावरही दुसरा गोल तसाच झाला. पेनल्टी बाहेर गेली, आमचे सगळे डोक्याला हात लावून उभे राहिले, त्यांच्या गोलकीपरने लांब किक मारली. ज्या उजव्या बाजूने त्यांचा पोरगा बॉल घेऊन आला तिथे उजव्या बॅकने असायला हवे होते. तो अजून पेनल्टीच्या ठिपक्यावरच होता. तो कोण, हे आपण जाणताच. खाली सही आहे.

एवढे असूनही एक गोष्ट सांगितल्यावाचून पत्र पुरे होत नाही. मॅच संपल्यावर पलीकडच्या गावाच्या कप्तानाने कवठाच्या बर्फीचा पुडा फोडला आणि आधी आम्हाला दिला. मग दोन्ही गावे मिळून दहा मिनिटे त्या बुटक्या गोलखालचा गाळ खोऱ्याने ओढत होतो. वीत होती, आता चार बोटे राहिली आहेत. आपण आला असतात तर काम त्याच दिवशी संपले असते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
उजवा बॅक

ता. क. येत्या रविवारी त्यांच्या मैदानावर परतीची मॅच आहे. विंगरचा खोडवा अजून तुटायचा आहे, त्यामुळे त्याचा भरवसा नाही. सेंटर बॅकची रातपाळी आहे. आजच्या घडीला आमच्याकडे नक्की आठ जण आहेत. आपण कट्ट्यावर नऊ जण बसता. त्यांतले तीन हवे आहेत. सकाळी साडेसहाला घाटाच्या वरच्या अंगाला टेम्पो उभा असेल. बूट आपले आपण आणावेत. आठ नंबरचा एक जोड माझ्याकडे शिल्लक आहे. पेनल्टी ज्याला मारायची असेल त्याने आधी नाव सांगून ठेवावे.