भाऊसाहेबांचं नाक

गाडीत बसल्यावर माणसं आधी पट्टा लावतात. भाऊसाहेब आधी नाक लावतात. डोळे मिटून एक आखूड श्वास, मग एक लांब, मग मान जरा डावीकडे, आणि मग तो प्रश्न: "सर, फिल्टर कधी बदलला?"

तुमच्याही कॉलनीत असतील ते. नगर जिल्ह्यात भरबाजारात 'भाऊसाहेब' अशी हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो. त्यातला जो तुमच्याआधी तुमच्या गाडीकडे बघेल, तो हा. त्यात आमचं गाव असं, की इथं १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि लष्कराच्या गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे. गाडीतलं न कळणारा माणूस नगरात शोधून सापडायचा नाही. आमचे भाऊसाहेब सावेडीचे, त्यातून निवृत्त, त्यातून सकाळी मोकळे.

फिल्टर म्हणजे केबिन फिल्टर. डाव्या बाजूला ज्या खणात आपण टोलच्या पावत्या आणि प्रसादाचे कागद कोंबतो, त्याच्या मागं घड्या घातलेल्या कागदाची एक चौकट असते. ती वर्षाकाठी किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलायची असते. हे माहीत असलेले आणि नसलेले, एवढ्या दोनच जाती भाऊसाहेब मानतात. डॉक्टरीणबाई त्यांचं बीपी बघत होत्या, तेव्हा दंडाला पट्टा बांधलेल्या अवस्थेत त्यांनी बाईंना विचारलं, "मॅडम, फिल्टर कधी बदलला?" बाईंनी बीपी पुन्हा मोजलं. शेजारी मुलगी बघायला पाहुणे आले, तर हे फाटकातच आडवे. मुलाच्या वडिलांना वाटलं पाण्याचा फिल्टर. ते म्हणाले, "दिवाळीतच. आरओ आहे आमच्याकडं." घर स्वच्छतेचं निघालं म्हणून मुलीकडचे खूष, स्थळ जमलं. त्याचं श्रेय भाऊसाहेब अजून घेतात. कॉलनीतल्या आजोबांना अमरधामला नेलं, तेव्हा वैकुंठरथात हे ड्रायव्हरशेजारी बसले. आखूड श्वास, लांब श्वास, मान डावीकडे. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "काका, या गाडीत मागच्यानं आजवर तक्रार केली नाही."

एकदा तर गणपतीच्या आरतीला ते कुणाच्या तरी गाडीतला जुना फिल्टर पिशवीत घालून घेऊन आले. कडुनिंबाची पानं, माशांचे पंख, उंदराने कुरतडलेला कोपरा, आणि सगळ्यावर नगर-मनमाड रस्त्याचा जाड थर. "हे तुमच्या फुप्फुसात चाललं होतं," असं म्हणून त्यांनी तो मोदकांच्या ताटाशेजारी ठेवला. त्या दिवशी मोदक उरले.

शास्त्र मात्र पक्कं. डॅशबोर्डच्या मागं कूलिंग कॉईल असते. एसी चालू असताना ती शून्याच्या थोडीच वर असते. हवेतलं बाष्प तिच्यावर पाणी होऊन बसतं आणि ड्रेन पाईपमधून गाडीखाली ठिबकतं. गाडीखाली पाणी दिसलं की आपण घाबरतो, भाऊसाहेब हात जोडतात. एसी बंद करून आपण घरी जातो, कॉईल मात्र ओलीच. ओल, धूळ आणि अंधार, मग बुरशी येणारच. दुसऱ्या दिवशी ब्लोअरचा पहिला झोत आला की कुबट वास. म्हणून पावसाळ्यात भंडारदऱ्याहून ओले टॉवेल आणि ओल्या चपला घेऊन परतणाऱ्या गाड्या हा त्यांचा खरा हंगाम. डॅशबोर्डवर अत्तराची बाटली दिसली की ते दुखावतात. "मोगरा लावला तर कुबट जात नाही सर, दोघं मिळून राहतात."

यावरचा त्यांचा उपाय साधा आणि अमानुष आहे. मुक्कामाच्या थोडं आधी एसी बंद करायचा आणि नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉईल वाळते. पुण्याहून येताना केडगाव दिसलं की बंद. शिर्डीकडून येताना विळद घाट संपला की बंद. मे महिन्याच्या भर दुपारी वऱ्हाडाच्या गाडीत त्यांनी हा नियम पाळायला लावला, तेव्हा करवलीचा मेकअप कार्यालयाच्या दारापर्यंत टिकला नाही.

आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबून ठेवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "कारखान्याच्या संचालक मंडळासारखं आहे ते. तीच हवा त्याच घरात फिरती, बाहेरचं कुणाला आत येऊ द्यायचं नाही. वास नाही येणार तर काय होणार?" हे ते काच वर करून आणि हळू बोलतात. आपल्या जिल्ह्यात कुणाचा पाहुणा कुठं संचालक असेल, सांगता येत नाही. आदर्श गाव त्यांच्या मते एकच, शनिशिंगणापूर. घरांना दारंच नाहीत, मग कोंदट कुठून होणार? शनिदेवाचा असा अर्थ दुसऱ्या कुणी लावला असेल असं वाटत नाही.

या माणसानं २०२२ साली, निवृत्तीच्या पैशातून, नवी गाडी घेतली. पेढे राहिले बाजूला, कॉलनीतल्या प्रत्येकाला धरून आत बसवलं, काचा वर केल्या आणि विचारलं, "कसा वास येतोय? नवा येतोय ना?" आम्ही हो म्हणालो. सीटवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच: "नवा येतोय ना अजून?" गावाचं नाव अहिल्यानगर झालं तरी भाऊसाहेबांच्या सीटवरचं प्लॅस्टिक कायम. मिरवायला एवढं आवडावं माणसाला, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

मग गेल्या जानेवारीत आम्ही राहात्याला लग्नाला निघालो, त्यांच्याच गाडीतून. गाळपाचा हंगाम. राहुरी सोडली की कारखान्यांचा पट्टा लागतो आणि हवा फिरली की मळीच्या पाण्याचा वास असा येतो की बोलता माणूस गप्प होतो. मागं बायकांनी पदर नाकाला लावले. मी काच वर केली. भाऊसाहेबांनी मात्र आपल्या बाजूची पूर्ण खाली केली, कोपर बाहेर टाकलं आणि म्हणाले, "काय मोकळी हवा आहे, नाही?"

मागं कुणीतरी हसलं. त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत. त्यांनी पुढं वाकून हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला आणि भाऊसाहेबांनी काच वर घेतली.

कोल्हारला चहाला थांबलो तेव्हा ते आपणहून बोलले. २०२१ ची दुसरी लाट. दवाखान्यातून परत आले, चव हळूहळू आली, वास आलाच नाही. दूध नासलं की नाही ते घरात बाई बघतात, गॅसही त्याच बघतात. आणि गाड्या? "त्याला नाक कशाला पाहिजे? फिल्टर विचारायचा, पायाखालची चटई चाचपायची, भंडारदरा झाला का, डिकीत नेप्तीचे कांदे होते का, एवढं विचारलं की माणूस सगळं सांगतो." मी म्हणालो, मग ते डोळे मिटून श्वास घेणं? "ते नसलं तर ऐकतं कोण, सर?"

बशीत थोडा चहा ओतून ते थांबले. "आयुष्यात एकच नवी गाडी घेतली. लोकं म्हणतात नव्या गाडीचा वास लई भारी असतो. मी आधी कधी नीट घेतलाच नव्हता."

यावर काय बोलायचं असतं, मला माहीत नाही. मी दुसरा चहा सांगितला. पण गाडीत परत बसलो आणि आता गप्प बसणं हा अन्याय वाटायला लागला. म्हणालो, "भाऊसाहेब, नवा वास गेला. कुबट येतोय. चांगला येतोय."

वाटलं होतं, खट्टू होतील. हा माणूस उडी मारून खाली उतरला, लग्नाच्या कपड्यांत गुडघ्यावर बसला, प्लॅस्टिक उचकटलं आणि डाव्या बाजूची चटई पिळून दाखवली. पाणी! ड्रेन पाईप तुंबलेला. हॉटेलवाल्याकडून तार मागून आणली, गाडीखाली हात घातला, आणि काळं पाणी भळाभळा आलं तेव्हा बायकांना हाका मारून बघायला बोलावलं. मुहूर्त चुकला. जेवणाला पोचलो.

त्याचा परिणाम मी भोगतोय. आता हाताखाली नाक आहे म्हटल्यावर भाऊसाहेबांचा व्याप वाढला. प्रश्न ते विचारतात, श्वास मला घ्यावा लागतो. काल सकाळी सातला बेल वाजली. पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा दारात उभा: "काका, भाऊसाहेबांनी बोलावलंय. चहा पिऊ नका म्हणाले, उपाशीपोटी वास नीट कळतो."