आजीला वाचून दाखवू नकोस

पोर्तो, रविवार रात्र

ती. आईस,
शि. सा. न.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. रोज व्हिडिओ कॉल होतो तरी पत्र कशाला, असं म्हणशील. कारण एवढंच की तू फोन नेहमी स्पीकरवर टाकतेस आणि आजी तुझ्या शेजारी असते. तिला कमी ऐकू येतं असं तू सांगतेस, पण नको ते तिला नेमकं ऐकू येतं. तेव्हा पुढचा एक परिच्छेद मोठ्याने वाच, बाकीचं मनात.

इथे पाऊस लागलाय. आपल्या सावंतवाडीत आषाढात लागतो तसाच, फक्त जानेवारीत आणि थंडीसकट. घर जुनं, ग्रॅनाइटच्या दगडाचं, त्यामुळे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि तू दिलेले पापड डब्यातसुद्धा सादळले. भाज्या ताज्या मिळतात. चिरंजीव रोज संध्याकाळी शुभंकरोति म्हणतात. जावई बरे आहेत. आजीला नमस्कार.

झालं वाचून? आता चष्मा पुसून मनात.

खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तुला माहीतच आहेत. आपला मुलगा त्यांना 'अव्हॉ' म्हणतो. तू कॉलवर 'अहो' ऐकलंस आणि त्याला दटावलंस, त्याच त्या. पोर्तुगीजमध्ये आजीला तसंच म्हणतात. तर गेल्या महिन्यात शाळेतून येऊन हा त्यांच्याकडे जेवला आणि वर येऊन म्हणाला, "आज उसळ-भात होता." मला भरून आलं. परक्या मुलखात माझ्या पोराला कुणी उसळ करून घालतंय! दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी पातेलंभर पाठवलीच. पांढरे टपोरे दाणे, तांबूस दाट रस्सा, वर तेलाचा तवंग, सोबत मोकळा भात.

तुझे जावई पुण्याचे, अंड्यापलीकडे न गेलेले. जेवायला बसले, भाताचं आळं केलं, रस्सा ओतला आणि वाहवा सुरू. "गोडा मसाला नाही, खोबरं नाही, तरी काय चव आहे!" त्यात गाजराच्या गोल चकत्या होत्या आणि दुसऱ्याही कसल्या तरी गोल चकत्या होत्या, जरा जास्त लाल. तिसऱ्या वाढपाला त्यांनी एक चकती उचलून दिव्यासमोर धरली. "हे गाजर वेगळ्या जातीचं दिसतंय." मी मान खाली घालून भात कालवत राहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, ते शोरीसू आहे." मग शोरीसू म्हणजे काय, हेही त्याने व्यवस्थित सांगितलं: डुकराचं मांस, लसूण, वाइन, लाल मिरचीची पूड, सगळं आतड्यात भरून धुरावर टांगलेलं. हे पाच मिनिटं गप्प बसले. मग विचारलं, "संपलं का?"

त्यांचं तरी काय चुकलं? इथे शाकाहारी म्हणून मागवलेल्या कोबीच्या सुपातसुद्धा शोरीसूची एक चकती तरंगत येते. तक्रार केली तर वाढणारा चमच्याने ती चकती काढून घेतो आणि तेच सूप पुन्हा पुढे ठेवतो.

या पदार्थाला फेइजुआदा म्हणतात. फेइजांव म्हणजे हे दाणे. पांढरा राजमाच म्हण ना. आपल्या श्रावणघेवड्याच्याच जातकुळीतला. शोरीसूला आपल्याकडे गोव्यात काय म्हणतात ते तुला सांगायला नको. चोरीस.

मग मला हुक्की आली की आपणही करावं. बाजारात बटाट्याला 'बाताता' म्हटलं की बटाटा मिळतो, कोबीला 'कोव', पावाला 'पांव'. इतकं सोपं गेल्यावर माणूस चढेल नाही तर काय. दुकानदाराने शोरीसूबरोबर आणखी एक वेटोळं दिलं, फारिन्येइरा नावाचं. दिसायला सॉसेजच. मी दाणे रात्रभर भिजवले, सकाळी कांदा-लसूण परतला, इथलं तमालपत्र टाकलं (आपल्यापेक्षा वेगळ्या झाडाचं आहे, वासाने चुलत भावंडं वाटतात), आणि दोन्ही वेटोळी दाण्यांबरोबर आपल्या कुकरमध्ये घालून झाकण लावलं.

पहिल्याच शिट्टीला अव्हॉ धावत वर आल्या. इथले कुकर शिट्टी मारत नाहीत, गुपचूप वाफ सोडतात. त्यांना वाटलं, घरात काहीतरी फुटतंय. दुसऱ्या शिट्टीला त्यांनी मुलाला ओढून दाराबाहेर नेलं. तिसऱ्या शिट्टीला खरंच फुटलं. कुकर नव्हे, फारिन्येइरा. त्यात आत चक्क पीठ असतं, चरबीत आणि मिरचीपुडीत मळलेलं. त्याला टाचणीने भोकं पाडून वेगळ्या पाण्यात, मंद आचेवर शिजवायचं असतं, हे मला कोण सांगणार? झाकण काढलं तर आत पिठलं! राजमा घातलेलं, नारिंगी रंगाचं, गुठळ्यांचं पिठलं.

अव्हॉंनी डाव बुडवला, चाखलं, कपाळाला हात लावला आणि एप्रन मागितला. दुपारभर शिकवणी चालली. दाणे आधी नुसते मऊ शिजवायचे. शोरीसू अख्खं त्यांच्याबरोबर, म्हणजे रस्स्यात धुराची चव उतरते; मग बाहेर काढून, चकत्या करून शेवटी परत घालायच्या. मीठ अगदी शेवटी, कारण सॉसेजचं मीठ आधीच उतरलेलं असतं. थोडे दाणे डावाने ठेचून रस्सा दाट करायचा. हे तूही वालाच्या बिरड्याला करतेस, नाही का? भातासाठी कांदा तेलावर परतून तांदूळ घातले, वर दुप्पट पाणी. मी म्हटलं, हे मला येतं. त्या म्हणाल्या, बघू.

करता करता त्यांनी गावाची गोष्ट सांगितली. पोर्तोच्या लोकांना 'त्रिपेइरु' म्हणतात, म्हणजे आतडी खाणारे. १४१५ साली सेउता जिंकायला आरमार निघालं तेव्हा गावाने चांगलं मांस सगळं जहाजांवर दिलं आणि स्वतःला आतडी ठेवली, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून हेच पांढरे दाणे घालून ती इथे शिजतात, आणि त्यात चक्क जिरं असतं. मी मनात म्हटलं, बाई गं, हे दाणे अमेरिकेतून आले आणि कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. १४१५ मध्ये कशात घातली आतडी? पण डाव त्यांच्या हातात होता, मी गप्प बसले.

जेवताना त्या भात एका बाजूला, दाणे दुसऱ्या बाजूला ठेवून काट्याने खात होत्या. मुलाने हाताने कालवून मुटका केला. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग काटा खाली ठेवून चमच्याने दोन्ही एकत्र केलं आणि मला म्हणाल्या, "असं बरं लागतं." माझ्या भाताविषयी अवाक्षर नाही.

आता मुख्य गोष्ट. परवा कॉलवर मी ओझरतं सांगितलं तेव्हा तू देवापाशी गेली होतीस. बाबा फोनजवळ तोंड आणून हळूच म्हणाले, "व्हिनेगर घालत नाहीत गो त्यात? मग आंबटपणा कसो येतलो?" इथल्या शोरीसूत वाइन असते, व्हिनेगर गोव्याच्या चोरिसात. हे बाबांना कुठून कळलं? दर शुक्रवारी ते 'कामासाठी' म्हापशाला जायचे. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, आणि तिथे चोरिसाच्या लाल माळा टांगलेल्या असतात, हे मी लहानपणी त्यांचा हात धरूनच बघितलंय. जेवायला घरी आल्यावर त्यांना भूक नसायची, आठवतं?

मी काहीच म्हणत नाही. विचारायचं की नाही, तू ठरव.

तुझी,
बबी

ता. क. कुणी येणारं असेल तर मालवणी मसाला आणि पाच लिटरच्या कुकरची रिंग पाठव. जुनीला पीठ चिकटलंय, निघत नाही.