मोहिते गाडी बघताहेत

मोहिते २०१९पासून इलेक्ट्रिक गाडी बघताहेत. ‘घेताहेत’ असं सुरुवातीला मी लोकांना सांगायचो. पुढे क्रियापद बदललं.

धनकवडी ते चाकण, एका बाजूने ३८ किलोमीटर. स्वारगेट, शिवाजीनगर, नाशिक फाटा, भोसरी, मोशी. कंपनीची बस आहे, पण ती पावणेसहाला सुटते आणि मोहित्यांच्या मते तिचे लायनर गेलेत. मोहिते क्वालिटीला, मी अकाउंट्सला, सोसायटी एकच. त्यामुळे त्यांच्या बारा वर्षं जुन्या पेट्रोलच्या गाडीवर मागची सीट माझी आणि निम्मं पेट्रोलही माझं.

पंचवीस वर्षं या माणसाने हातात नो-गो गेज धरलाय. भोकात गेज गेला की माल रिजेक्ट. आता असा माणूस शोरूममध्ये शिरला की काय होणार?

त्यांची एक वही आहे. कंपनीतल्या रद्द झालेल्या इन्स्पेक्शन रिपोर्टांच्या कोऱ्या बाजू दाभणाने शिवून केलेली. प्रत्येक गाडीला एक पान, आणि पानावर लाल शाईने आखलेले तीन रकाने : ‘कंपनी म्हणते’, ‘खरं’ आणि ‘देशमान्यांसह’. देशमाने म्हणजे मी. माझं वजन ८४ किलो आहे, आणि ते बायकोपेक्षा मोहित्यांना जास्त अचूक माहीत आहे. कंपनी म्हणते १२३ किलोमीटर. ती रेंज प्रयोगशाळेत रोलरवर चाक फिरवून काढलेली. तिथे स्वारगेटचा सिग्नल नसतो की मोशीचा चढ नसतो. म्हणून गुणिले ०.७. आले ८६. मग मी मागे बसतो. उरले ७८. जाऊन-येऊन लागतात ७६.

“दोन किलोमीटर उरतात, देशमाने,” असं ते इतक्या हळू आवाजात म्हणतात की मलाच अपराधी वाटतं. “वाटेत भाजी घ्यायला वळलो तर?”

स्वस्तातल्याही पाहिल्या. २५०वॉटपर्यंतच्या, ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या. लायसन नको, पासिंग नको. सेल्समनने ‘नको’ची यादी मोठ्या कौतुकाने म्हणून दाखवली. मोहित्यांनी ३८ला २५ने भागलं आणि म्हणाले, “डबा नाशिक फाट्यालाच खावा लागेल.”

बॅटरी काढून घरात चार्ज करायची, असंही एक मॉडेल होतं. त्यासाठी मोहित्यांनी दहा किलो कणकेची पिशवी घेऊन तीन मजले चढून बघितले. दुसऱ्या जिन्यावर वहिनी भेटल्या. “दळण आणलंत? मी तर दिलंच नव्हतं.” मोहिते म्हणाले, “ही बॅटरी आहे.” वहिनींनी बॅटरी काढून घेतली आणि रात्री तिच्या पोळ्या केल्या.

टेस्ट राइडला मी ‘लोड’ म्हणून जातो. तसं ते काउंटरवर सांगतात : “लोड आणलाय.” कात्रजचा घाट, जुन्या बोगद्यापर्यंत. निघण्याआधी हवा तपासायची, ती स्वतःच्या खिशातल्या गेजने. फूटबोर्डवर गॅसचा सिलिंडर उभा राहील का, हे वितीने मोजायचं. शोरूमचा बाविशीतला पोरगा दुसऱ्या गाडीवरून सोबत असतो आणि दर वळणावर ओरडतो, “काका, पिकअप बघा ना पिकअप!” काका मीटरवरचे टक्के बघत असतात. एकदा बोगद्यापाशी ९ टक्के गेले होते, आणि उतरताना १ परत आला. ब्रेक लावला की मोटर उलटी राबते आणि बॅटरीत थोडी भर घालते, हे त्यांना पाठ होतं. पण प्रत्यक्ष बघून मोहिते लहान मुलासारखे हसले. “दिलं की हो परत!” मला वाटलं, आज पेढे. खाली आल्यावर त्यांनी डावा आरसा दोन बोटांत धरून हलवला. “प्ले आहे,” म्हणाले. रिजेक्ट.

खरं तर सरकारनेही त्यांना बरीच घाई करून पाहिली. २०२१च्या जूनमध्ये सबसिडी किलोवॉट-तासाला १५ हजार झाली. मोहिते म्हणाले, अजून वाढेल. २०२२मध्ये गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या, मग बॅटरीचे नियम कडक झाले. मोहिते म्हणाले, आता नव्या नियमाची येऊ दे. २०२३च्या जूनमध्ये १५चे १० झाले, २०२४च्या एप्रिलपासून ५, त्यानंतरच्या एप्रिलपासून अडीच. सबसिडी एकेक पायरी उतरत गेली आणि मोहिते कठड्याला धरून बघत राहिले.

बरं, त्यांना हिशेब कळत नाही असं कोण म्हणेल? वहीच्या शेवटच्या पानावर ‘आजवरचं नुकसान’ असा तक्ता आहे. दर महिन्याचा पेट्रोलचा भाव, वजा विजेचे साडेतीन युनिट, वजा सुट्ट्या, वजा लॉकडाउन. गेल्या दसऱ्याला आकडा होता २,११,०००. “एवढ्यात दोन गाड्या आल्या असत्या,” मी म्हणालो. “तेच तर,” मोहिते म्हणाले, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं दाखवलं : निम्मे देशमाने.

तेव्हा मी हललो.

गाडी मी वीस मिनिटांत घेतली. बायकोला निळा रंग आवडला. मोहित्यांना हा उतावळेपणा वाटला, पण वीस मिनिटं कशाने पुरली, हे मला माहीत होतं. पान ४१. त्या पानावर जे लिहिलं होतं, त्याबाहेरचा एकही प्रश्न मला शोरूममध्ये सुचला नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आज अकरा इलेक्ट्रिक गाड्या चार्जिंगला लागतात. कमिटीशी दोन वर्षं भांडून, सर्वसाधारण सभेत आगीच्या भीतीवर पाऊण तास बोलून तो १५ अँपिअरचा पॉइंट मोहित्यांनीच आणला. कंपनीत सिक्युरिटीच्या केबिनमागचा प्लगही त्यांच्याच अर्जावर बसला. अकराही जण गाडी घेण्याआधी वही वाचून गेलेत. अकरांतली एकही गाडी मोहित्यांची नाही.

“पण कंपनीत प्लग आहे म्हटल्यावर रेंजचा प्रश्नच सुटला ना?” मी विचारलं.

“प्लग धरायचा नसतो. लाइट गेली तर?”

आता सकाळी सव्वासहाला ते माझ्यामागे बसतात. वहीत मी ‘चालक’ झालोय आणि ६१ किलोचे मोहिते ‘लोड’. त्यांची जुनी गाडी कव्हर घालून उभी असते. रविवारी ती चालू करून पाच मिनिटं ठेवतात. विजेचे निम्मे पैसे महिन्याच्या एक तारखेला पाकिटात घालून देतात, पावली-पावलीचा हिशेब लिहून. भोसरीला सिग्नल लागला की चष्मा कपाळावरून खाली येतो, माझ्या खांद्यावरून मान पुढे येते आणि पेन्सिल निघते.

“भोसरी, ७४.”

मोशी आली. “६५. तुम्ही जरा पळवता.”

“मोहिते, आता तरी घ्या. सहा महिने रोज बसताय. आणखी काय बघायचं राहिलंय?”

मागे बराच वेळ पेन्सिल चालत होती.

“पावसाळ्याचं रीडिंग व्हायचंय अजून,” ते म्हणाले. “आणि जरा वाकून चालवा हो, वारा अडतोय.”