इंजिन दम खाते तेव्हा करावयाची कार्यवाही

होडीच्या पिछाडीस बाहेरून टांगलेल्या इंजिनास विद्वान लोक ‘आउटबोर्ड’ म्हणतात, उजनीच्या काठावरचे लोक नुसते ‘मशीन’ म्हणतात, आणि आमचे मामा ते चालू असले तर ‘आपलं मशीन’ व बंद पडले तर ‘तुजं मशीन’ म्हणतात. कारण हे आठ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे, अगोदरच म्हातारे झालेले यंत्र कोकणातल्या एका मच्छीमाराकडून विकत घेण्याचा सल्ला एकोणीस वर्षांपूर्वी मी दिला होता. प्रस्तुत लेखकाची उभी हयात तहसील कचेरीत गेली असल्यामुळे, कोणतीही वस्तू बंद पडली की आधी तिचा पंचनामा करावा, मग संबंधितांचे जबाब घ्यावेत आणि अखेरीस दोष सर्वांत कनिष्ठ इसमाच्या माथी मारावा, ही पद्धत त्याच्या हाडीमाशी खिळली आहे. होडीत सर्वांत कनिष्ठ इसम मीच असतो. म्हणूनच पुढील कलमे लिहून ठेवण्याची निकड भासली.

प्रथम इतिहास. ओले एव्हिनरूड नावाचा, नॉर्वेत जन्मलेला एक अमेरिकन कारागीर आपल्या भावी पत्नीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम वल्हवत आणत होता, ते वाटेतच वितळले, आणि त्या विरघळलेल्या प्रीतीतून त्याने १९०९ साली बाजारात आणलेले इंजिन जन्मास आले, अशी आख्यायिका आहे. मामांच्या प्रपंचात आइस्क्रीमचा संबंध नाही. त्यांच्या होडीत चिलापी असते, आणि चिलापी वितळत नसल्यामुळे मामांना कधीच घाई नसते.

दुसरी गोष्ट जलाशयाची. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. पैकी निम्म्याहून अधिक पाणी कागदोपत्री ‘मृत साठा’ असल्यामुळे उन्हाळ्यात आमचे धरण शून्यावर न थांबता ‘उणे’ होते, आणि ‘उजनी मायनसमध्ये’ हे वाक्य सोलापुरात लहान मूलही न अडखळता उच्चारते. पाणी फार उणे झाले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, आणि अलीकडे करमाळ्याच्या बाजूस मामांच्या बुडालेल्या विहिरीचे, ज्यावर त्यांचे वडील मोट रिकामी करीत, ते दगडी थारोळे वर येते. जिथे खुद्द धरणच शून्याखाली उतरते, तिथे एका वृद्ध इंजिनाने सदैव पूर्ण शक्ती द्यावी ही अपेक्षा काहीशी उर्मटपणाची आहे, हे वाचकाने ध्यानी घ्यावे.

कलम पहिले : फिर्याद नेमकी कोणाविरुद्ध, ते ठरवावे. मशीन जोराने ओरडते पण होडी जागची हलत नसेल, तर इंजिन निर्दोष असून गुन्हा पंख्याचा आहे. पंख्याच्या पोटात रबराची एक बुशी असते, ती सुटली की दांडा फिरतो आणि पंखा नुसता हजेरी लावतो. उलट मशीनचा आवाजच बसत गेला, तर दोष पेट्रोलात, ठिणगीत किंवा हवेत शोधावा. पंखा उचलून पाहिल्यावाचून मात्र काहीही ठरवू नये. त्याच्या मुळाशी नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला सापडतो, आणि तो आपल्याच जाळ्याचा निघाल्यास मोठ्याने बोलू नये.

कलम दुसरे : होडीतील माणसे, मासळीच्या पाट्या आणि तळाशी साठलेले पाणी यांचा हिशेब करावा. इंजिनास अशक्त म्हणण्यापूर्वी भाच्याचे वजन वजा करावे. (ही सूचना मामांची.)

कलम तिसरे : मशीनच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडली पाहिजे. ती थांबली तर त्याच क्षणी मशीन बंद करावे. थंडाव्याचे पाणी वर चढत नाही, जाळीत शेवाळ अडकले आहे किंवा आतल्या पंपाची रबरी चकती झिजली आहे. तापलेले मशीन आधी शक्ती सोडते आणि मग प्राण. येथे विनोद करू नये.

कलम चौथे : दोन सिलिंडरांपैकी एकच काम करीत असेल, तर होडी चालते खरी, पण पाण्यावर उठत नाही. कोणता सिलिंडर कामचुकार आहे हे ओळखण्याची रीत मला कचेरीतच अवगत झाली होती : एका टेबलावर दोन कारकून असता आळीपाळीने एकेकास रजेवर पाठवावे, आणि ज्याच्या रजेने कामात तसूभरही फरक पडत नाही त्याचे नाव टिपून ठेवावे. तद्वत रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगचे टोपण क्षणभर काढावे. आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच रजेवर होता. मग प्लग काढून त्याचे तोंड पाहावे : फिक्या चहाचा रंग म्हणजे प्रकृती उत्तम, काळे व ओले म्हणजे तेलाचे अजीर्ण, पांढरे फटक म्हणजे पेट्रोलाची उपासमार.

कलम पाचवे : तेलाच्या अजीर्णास बहुधा प्रेम कारणीभूत असते. या मशीनला लिटरभर पेट्रोलात वीस मिलिलिटर तेल, म्हणजे पन्नासास एक, असे प्रमाण ठरलेले आहे. त्याहून जुन्या काही यंत्रांना पंचविसास एक लागे. मामा खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने तेल मोजतात, अगदी रेघेपर्यंत, डोळा बारीक करून. आणि नंतर बाटलीतूनच ‘वर जरासं’ ओततात, जशी मामी वरणावर तूप ओतते. त्या जराशाने प्लग काळे होतात, धुराच्या वाटेत काजळी धरते, आणि मशीन जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखे धावू लागते. हे मी वारंवार निदर्शनास आणून दिले आहे. ‘म्हातारं हाय रं ते, जरा वंगण लागतंय,’ असे उत्तर येते, आणि ते देताना मामा स्वतःचा गुडघा चोळीत असतात.

कलम सहावे : पेट्रोलाची जात तपासावी. हल्ली पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते, टाकी पडून राहिली की ते पाणी घेऊन तळाशी वेगळे बसते, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या फुगवून मऊ करते. आता या प्रकरणाची साखळी पाहावी : उजनीचे पाणी उसास जाते, ऊस कारखान्यात जातो, कारखाना इथेनॉल करतो, इथेनॉल पेट्रोलात मिसळते, पेट्रोल मामांच्या टाकीत येते, आणि नळी सडून मशीन त्याच उजनीच्या मध्यावर बंद पडते. इतका निर्दोष न्याय मला सदतीस वर्षांच्या नोकरीत एकाही निकालपत्रात आढळला नाही. उपाय एवढाच, की नळ्या नव्या घालाव्यात, पेट्रोल ताजे व लागेल तेवढेच भरावे, आणि तळाचा गढूळ घोट बाटलीत काढून पाहावा.

कलम सातवे : कार्बोरेटरची बारीक छिद्रे टाचणीने किंवा तारेने कोरू नयेत. छिद्र केसभर मोठे झाले की मापाचा सारा कारभार बिघडतो. मामांच्या टोपीस एक सेफ्टी पिन लावलेली असते. तिच्याविषयी अधिक लिहिणार नाही.

कलम आठवे : वल्ही आणि लाइफ जॅकेट यांवाचून होडी काठ सोडणार नाही. २१ मे २०२४ च्या सायंकाळी वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी याच पाण्यात उलटली आणि सहा जीव गेले. त्यानंतर मामा जॅकेट घालतात. बंद बांधायला मला सांगतात, आणि मी ते दोनदा बांधतो.

कलम नववे, आणि खरे कलम : मशीन काठावरून मजेत निघते, बारा-तेरा मिनिटे धावते, मग आवाज बसत जातो, होडी जड होते, आणि धापा टाकून सर्व शांत. घटकाभराने पुन्हा सुरू होते. याला काठावर ‘मशीन दम खातंय’ म्हणतात आणि यावर दोन वेळा कार्बोरेटर व एक वेळ अख्खे डोके खोलण्यात आले होते. प्रत्यक्षात पाहायचे ते नळीवरच्या रबरी फुग्याकडे. तो आतल्या आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळलेला आहे. पेट्रोल बाहेर जाते, पण त्याच्या जागी हवा आत येऊ शकत नाही, टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंपाचा जीव घुसमटतो. नळाला पाण्याआधी हवा येण्याची सवय असलेल्या सोलापूरकरास याचे उलट प्रकरण समजणे अवघड नाही.

“मामा, हा स्क्रू आवळला कोणी?”

“म्या.”

“का?”

“उडून जातंय की रं पेट्रोल. शंभराच्या वर गेलंय.”

मी पोकळीचे तत्त्व पाण्याच्या बाटलीवर प्रयोग करून समजावले. मामांनी ते, रयत कारकुनाचे ऐकते तसे, पूर्ण लक्ष देऊन आणि पाळण्याचा कोणताही इरादा न ठेवता ऐकले.

पुढच्या खेपेस होडी सुटण्यापूर्वी मी तो स्क्रू हळूच सैल केला. मशीन एकदाही न थांबता पैलतीरास लागले. “आज लवकर आलो,” मी विजयी मुद्रेने म्हणालो. “व्हय,” मामा म्हणाले, “लई लवकर.” आणि बाकी दिवसभर फारसे बोलले नाहीत.

परतताना मी पाट्या मोजीत होतो, तेवढ्यात स्क्रू पुन्हा घट्ट झाला होता. मी तो पाहिला आणि हात मागे घेतला. मशीन ठरल्या जागी थांबले. मामांनी ना फुगा दाबला, ना दोरी ओढली; चंची सोडली, तंबाखू मळली, पाण्यात वाकून पाहिले आणि, मागच्या प्रत्येक खेपेस म्हणाले होते आणि मी मशीनच्या नादात ऐकलेच नव्हते, ते म्हणाले :

“हितं खाली आपली हीर हाय.”

सबब फाइलीवर शेरा मारला : दोष आढळून आला. दुरुस्ती तहकूब. वल्ही होडीत आहेत.